तांब्याची उडी

२ ऑगस्ट, शनि.
दुकानात गिऱ्हाईक न्हाई. मोबाइलवर जगभरातले थरारक फोटो बघत बसलो. एक जण दोन डोंगरांच्या मधात दोरीवर चालायलाय. दुसरा मगरीच्या जबड्यात मुंडकं घालून हसायलाय. म्हणलं, आमचं गाव काय मेलंय का? बाळ्याला फोन. "तांब्याला घेऊन पाटावर ये."
तांब्या म्हणजे बाळ्याचा बैल. पाण्याचा पाट असो का आडवं काही, दिसलं की उडीच मारतंय, चालत उतरत न्हाई. बाळ्याला अल्याड धा पावलं पुढं उताणा झोपवला, मी मातीला गाल लावून झूम केलं. फोटोत बैल थेट बाळ्याच्या छातीवरून! पोट दुखंस्तोर हसलो दोघं.

५ ऑगस्ट
पाठवलेला फोटो त्या थरारक फोटोंच्या पानावर लागला!! वर मगरवाला, खाली दोरीवाला, मधात आमचा बाळ्या. भरतीच्या मैदानात चक्कर येऊन पडला तवापासून गाव त्याला ससा म्हणायचं. आज चाकूरच्या स्टँडवर "वाघ आला, वाघ" करून चहा पाजला. फोटो कुणी काढला, कुणी इचारलं न्हाई. जाऊ दे.

९ ऑगस्ट
सरपंच पारावर म्हणले, "बाळासाहेब, पोळ्याला तोरणाखाली करून दाखवा की. सगळ्या गावाम्होरं."
बाळ्या म्हणला, "हाव."
बाजूला ओढला. "येड्या, खोटं हाय ते! धा पावलं लांब व्हता बैल."
"तू कॅमेऱ्यातून बघत व्हतास. मी झोपलो व्हतो. अंगाला त्याचं वारं लागलं माझ्या."
गंमत करतोय वाटलं. न्हाई.

१३ ऑगस्ट
बाळ्या स्वतःच्या जागी भुश्याचं पोतं आडवं ठेवून तालीम करायलाय. आठ उड्या. सहा साफ. दोन टायमाला खूर लागला, पोतं फाटलं, भुसा उडाला.
"पोतं जरा जाड व्हतं," म्हणे.


१६ ऑगस्ट
पारावर उभा राहून सांगितलं, फोटो खोटा हाय, मी केलाय. सगळे खो खो. पाराखाली केस कापणारे गफूरचाचा कैची ठेवून म्हणले, "और वो बिबट्या? त्यो खरा व्हता का रे?"
मागच्या साली उसाच्या फोटोत बिबट्या चिकटवून पाठवला व्हता मी. तीन दिवस रानात कोण गेलं न्हाई. चाचाच्या म्हशी उपाशी. आता भोगा.
त्या दिवशी पाटावर लगोलग काढलेला दुसरा फोटो हाय माझ्याजवळ. त्यात पाट दिसतंय, बैल लांब दिसतंय, बाळ्या मान वळवून फिदीफिदी हसायलाय. तो दाखवला की मिटलं. पण मग बाळ्या जन्मभर ससा.
खिशातून मोबाइल काढला. परत ठेवला.

२१ ऑगस्ट, खांदमळणी
बाळ्यानं तांब्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं. काकूनं, बाळ्याच्या मायनं, नवी झूल शिवलीय. आरश्यांची. गुडघ्याच्या खाली येतीय. बाशिंगाच्या झिरमिळ्या डोळ्यावर.
तवा टाळक्यात उजेड पडला. तालीम सगळी उघड्या बैलावर केली की रे!
"बाळ्या, उद्या झूल काढून आण. पायात येईल त्याच्या."
"पोळ्याला बैल उघडा नेऊ? मानाचा बैल? डोकं हाय का तुला?"
"मग तू झोपू नको."
"तू जळायलास." एवढंच म्हणून गोठ्यात गेला.

२२ ऑगस्ट, पोळा. दुपार
बाळ्या बैल धुवायला गेला तसा काकूकडं गेलो. सगळं सांगितलं. दुसरा फोटो दाखवला. पुरणाचा हात पदराला पुसून लई वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता कानफटात बसतीय.
"किती दिसानं हसताना बघितला," म्हणली.
मग मोबाइल माझ्या हातात दिला. "म्या सांगितलं तर ऐकणार न्हाई, मायचं कोण ऐकतंय. हे गावाला दाखव. जन्मात बोलणार न्हाई तुझ्याशी त्यो. आन् दाखवायचं न्हाई तर त्याच्या बाजूला तूबी झोप. फोटो दोघांचा हाय."
असं म्हणून पुरण वाटाय लागली.

तोरण बांधलंय. हलगी चालू झाली. बाळ्या तांब्याला घेऊन निघाला, मागनं पोरं "वाघ वाघ" ओरडायलीत. त्यानं इकडं बघितलं न्हाई.
मोबाइल चार्ज केलाय. फोटो उघडून ठेवलाय.
धुतलेला शर्टबी घातलाय. बाळ्याच्या बाजूला झोपायचीच पाळी आली तर...