कड्यावरचा चुना

खदानवस्ती, गंगाखेड
१२ ऑक्टोबर १९९३

ती. आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. आत्याचा ताप उतरला का? सोनपेठच्या बाजारात मिळाल्या तर आईला हिरव्या बांगड्या आणा. इकडे सगळे बरे आहेत. भूकंपापासून आई अंगणातच झोपते, एवढंच.

आपल्या खदानीचा कडाही दिसायला बरा आहे. जाताना तुम्ही म्हणालात, "येवढ्या हादऱ्यात पडला न्हाई, आता काय पडतंय? पोरगी कॉलेजात जाऊन दगडाची नाडी बघायला शिकली!" सगळे हसले. मीही हसले.

पण आबा, टिकला म्हणजे पक्का झाला असं नसतं. भूकंपाची लाट पायथ्यापेक्षा माथ्याला जास्त हलवते. वर, कड्याच्या मागे भेग पडली आहे. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. खाली लाल मातीचा थर. पाणी मुरलं की तो साबणासारखा निसरडा होतो. पुढचा सगळा खडक त्यावर नुसता टेकून उभा आहे. आणि सुरुंग म्हणजे त्याच्या पायाशी केलेला लहानसा भूकंपच.

भेग वाढते का ते कळावं म्हणून मी तिच्यावर चुन्याची आडवी पट्टी ओढली होती. तुम्ही पाहिली तेव्हा ती अखंड होती. खडी फोडणाऱ्या धुरपताबाईंनी तिला कुंकू लावलेलं पाहून तुम्ही चेष्टाही केलीत. आज त्यांना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, तुमचा देव दोनदा तडकला. तडकलेला देव बरा न्हाई, म्हनून म्या लिंपला. लय गुळगुळीत केला, बगा."

दोनदा, आबा! म्हणजे भेग वाढतेच आहे. आणि त्यांची झोपडी त्याच कड्याखाली. आजपासून त्यांचं बिऱ्हाड आपल्या गोठ्यात आहे. आईनेच चूल मांडून दिली.

दसऱ्याला पायथ्याशी हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवशी पहिला सुरुंग उडवायचा, हा आजोबांपासूनचा रिवाज. सुरुंगवाले सटवाजीमामा म्हणतात, "मालकाचा हुकूम हाय, मी काय करू?"

बांगड्यांपासून सुरुवात केली, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. बारुदाच्या खोलीची किल्ली खुंटीवर नाही. माझ्याकडे आहे.

रागवा. पण आल्यावर आधी माझ्याबरोबर माथ्यावर चला आणि त्या भेगेत स्वतःचा हात घाला. हत्यारं यंदा लिंबाखाली पुजू. मग तो खडक वरूनच, पहारींनी, थोडा थोडा उतरवू. माणसांचं काम बुडणार नाही. त्याआधी किल्ली मिळणार नाही. मागू नका.

आजवर तुमचा शब्द न मोडलेली,
आणि हा एक मोडणारी,
तुमचीच
प्रभावती