टाचणीएवढं भोक

पंचवटी, ९ फेब्रुवारी

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. फोटो म्हणतो ते तुझ्या शब्दाखातर. बिस्किटाच्या डब्याला टाचणीने भोक पाडायचं, आत फोटोचा कागद चिकटवायचा, डबा अर्धं मिनिट उन्हात ठेवायचा आणि जो धुरळा उमटेल त्याला कला म्हणायचं. पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला मी. असला फोटो दिला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. सायखेड्याच्या शाळेत तू विज्ञान शिकवतेस की भातुकली?

मुलांना फोटोचे कागद धुवायला शिकवायला मी येणार नाही. संक्रांतीला स्टुडिओ कायमचा बंद केला. कंटाळा आला, एवढंच. तुझी मामी म्हणते, परवा मी चहात मीठ घातलं. तिला चेष्टा सुचते.

राग नसावा, असला तरी माझी हरकत नाही.

तुझा
जयराममामा


सायखेडा, १६ फेब्रुवारी

ती. जयराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची बोलणी वर्गात वाचून दाखवली. मुलं पोट धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्याला तुम्ही धुरळा म्हणता, त्या फोटोत शाळेची कौलं एकेक मोजता येतात. आणि तुमच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्यात.

म्हणून भिमामामीला फोन केला. ती रडली. आजोबांची दृष्टी गेली तशीच आपलीही जाणार, असं धरून तुम्ही वर्षभर डोळे कुणाला दाखवले नाहीत म्हणे. लहान तोंडी मोठा घास घेते, पण याहून भातुकली बरी.

जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि एका डोळ्याने त्यातून कॅलेंडर बघा. भोकातून मोजकेच किरण आत जातात, पसरत नाहीत, म्हणून तर डब्यात चित्र उमटतं. आकडे दिसले तर डोळ्याचा पडदा बहुधा शाबूत आहे. नाही दिसले तरी डॉक्टरकडे जायचंच.

मामीला नमस्कार.

तुमची
योगिनी


पंचवटी, ४ मार्च

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा शहाणपणा वाचून पत्र भिरकावलं होतं. दुपारी मामी झोपल्यावर एका लग्नपत्रिकेला भोक पाडलं. कॅलेंडरावर चतुर्थीच्या चौकोनात मामीचं बारीक अक्षर होतं, दूधवाला दोन दिवस येणार नाही. ते मी तीनदा वाचलं. ती उठली आणि माझ्याकडे बघून काय झालं म्हणून घाबरली. मी म्हणालो, दूध येणार नाही.

डॉक्टरकडेही तसलीच भोकं पाडलेली काळी पट्टी निघाली, तुझ्या डब्यापेक्षा टापटीप. मोतीबिंदू आहे आणि नंबर वाढलाय. गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. पडदा चांगला आहे म्हणाला. वर्षभर का थांबलात, असंही म्हणाला, ते मामीसमोर. त्यामुळे सध्या घरात माझं काही चालत नाही.

तुला म्हणून सांगतो. तुझे आजोबा शेवटची अकरा वर्षं माणसं आवाजावरून ओळखायचे. मीही वर्षभर घर पाठ करत होतो. जिन्याच्या चौदा पायऱ्या, मोरीचा उंबरा, कुठल्या खोलीत मामीच्या बांगड्या कशा वाजतात. ते सगळं पाठांतर आता फुकट गेलं.

लोभ आहे तेवढा पुरे, उपदेश कमी असावा.

जयराममामा