रिचर्डचे पैसे

एटोबिको,
रविवार, २५ फेब्रुवारी २०१८

माझ्या लाडक्या जेनेलला,
आत्याचे आशीर्वाद, आणि थंडीने गारठलेल्या गालावर एक पापा.

पाकीट बघून तू आधी दचकशील. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारी आत्या एकदम पत्र कशी लिहायला लागली! आम्ही दोघंही ठीक आहोत. अंकलांची शुगर थोडी वर असते, पण तोंडाचा पट्टा शाबूत आहे. गेल्या रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये घसरून पडले आणि उठायच्या आधी, बर्फ वितळायला मीठ कोणी टाकलं नाही म्हणून तिथूनच ओरडले. फादर स्वतः धावत आले.

तुमच्या विनिपेगात म्हणे उणे तीस आहे. मोजे दोन घाल, फॅशन नंतर कर. तुझी ती रूममेट अजून तुझा बॉटल मसाला चोरते का? ईस्टरला येणाऱ्या कोणाबरोबर तरी दुसरी बाटली पाठवीन. उपवासकाळात मटण सोडलंस का, असं फ्रँकलिनने मला विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते. तुझ्या पपांना काय उत्तर द्यायचं ते आपण दोघी ठरवू. मी चहा सोडलाय. त्यामुळे डोकं दुखतं, असं मी घरात सांगते. खरं कारण चहा नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. रिटायर झाल्यापासून अंकल घर सोडत नाहीत, आणि मी फोन हातात घेतला की टीव्हीचा आवाज कमी करतात. म्हणून खाली बेसमेंटमध्ये श्रावणीच्या टेबलावर बसून लिहिते आहे. श्रावणी आमची भाडेकरू, नाशिकची मुलगी, दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी कॉफी शॉप. आज तिची शिफ्ट आहे.

जेनेल, रिचर्डचे पैसे यायचे थांबले आहेत.

तुझ्या पपांनी तुला दहादा ऐकवलं असेल, 'तो रिचर्ड बघ, घर सोडून गेला तरी मम्मीला पैसे पाठवतो.' हे त्यांना मीच सांगितलं होतं. प्रार्थनेच्या ग्रुपमध्येही मीच सांगितलं. दोनदा तर त्याच्यासाठी उपकाराची मिस्सा सांगितली. आता जे लिहिते ते वाचून मला हसू नकोस.

तो सतराचा असताना गॅरेजमध्ये बसून व्हिडिओ करायचा, ते तुला माहीत आहे. बर्फ हटवायचा स्नोब्लोअर बंद पडला तर कसा खोलायचा, कार्बुरेटर कसा साफ करायचा. चेहरा कधी दाखवायचा नाही, नुसते ग्रीसने काळे झालेले हात आणि आवाज. इथे बर्फ पडला की लोकांची मशिनं बंद पडतात आणि लोक ते व्हिडिओ शोधतात. त्यावर जाहिराती लागायच्या, जाहिरातींचे पैसे मिळायचे. त्याला अठरा पूर्ण झाली नव्हती म्हणून सगळं माझ्या नावावर काढलं, पैसे माझ्या बँकेत यायचे. मी ते त्याला काढून द्यायची आणि तो त्यातून पाने आणि स्क्रू ड्रायव्हर आणायचा. पुढे ते त्याच्या नावावर करायचं राहून गेलं.

मग २०१४ च्या नोव्हेंबरात त्याने कॉलेज सोडलं. अंकल म्हणाले, "कॉलेज नाही तर गॅरेजपण नाही. गॅरेज माझं आहे." तो म्हणाला, "फाइन, पपा." एका बॅगेत मावेल तेवढं घेऊन बसने विनिपेगला गेला, त्याच्या कुठल्या तरी मित्राचं टायरचं दुकान होतं तिथे. त्या दिवसापासून या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की अंकल उठून जातात.

पण पैसे येत राहिले. उन्हाळ्यात कमी, बर्फात जास्त. बँकेच्या कागदावर ती रक्कम दिसली की मी म्हणायची, आहे, माझा मुलगा कामावर आहे. त्याला हवं असतं तर त्याने ते पैसे स्वतःच्या बँकेत वळवून घेतले असते. त्याने तसं केलं नाही, म्हणजे त्याने ते माझ्यासाठी ठेवले. मी सोळा वर्षं एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानांचे ट्रे भरले. एक दिवस दांडी मारली की पगार कापला जायचा, पाच मिनिटं उशीर झाला तरी कापला जायचा. काम न करता कोणी कोणाला पैसे देतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

जानेवारीत काही आलं नाही. एवढा बर्फ पडूनही नाही. फेब्रुवारीतही नाही. रिचर्डने मला तेव्हा एक ईमेल काढून दिला होता, त्याचा पासवर्ड त्याच्या अक्षरात एका चिठ्ठीवर होता. ती चिठ्ठी घेऊन मी श्रावणीकडे गेले. तिने उघडून वाचलं.

"आंटी, कंपनीचं मेल आहे. चॅनल खूप वर्षं इनअ‍ॅक्टिव्ह आहे, व्ह्यूजपण कमी झालेत, सो आता अ‍ॅड्स लागणार नाहीत. अर्निंग बंद."

"म्हणजे त्याने काम सोडलं?"

"काम कसलं? हे तर ऑटोमॅटिक येतं, आंटी. कोणी जुना व्हिडिओ बघितला, अ‍ॅड लागली, की पैसे. लास्ट अपलोड ऑक्टोबर ट्वेन्टी फोर्टीन."

"मग पाठवायचं कोण?"

त्या बिचारीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "कोणीच नाही, आंटी. त्याने लॉगिनसुद्धा केलेलं दिसत नाही."

जेनेल, मी तिला ते मेल पुन्हा वाचायला लावलं. त्या मुलीने मला पाणी दिलं, हात चोळले. मला पैशाचं काही नाही गं, देव साक्षी आहे. पण इतकी वर्षं त्या पैशांवरून मी माझा मुलगा जिवंत आहे असं धरून चालले होते, आणि तो असो वा नसो, पैसे येणारच होते. पैसे आता बंद झाले, पण तो केव्हाचा बंद... मी हे वाक्य पुरं करणार नाही.

आता तू विचारशील, फोन का केला नाहीस, पोलिसांत का गेली नाहीस. अंकलांची भीती, असं मी मनाशी म्हणते. ती आहेच. पण आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्यासाठीच खरं तर हा कागद घेतला.

पहिली. गेल्या वर्षी तुझं विनिपेगला यायचं ठरलं तेव्हा मी तुला सांगितलं, रिचर्ड आता तिथे नाही, बर्नाबीला शिफ्ट झालाय, मोठ्या ऑफिसात आहे. ते खोटं होतं. तू जाऊन त्याचं दार वाजवलं असतंस आणि मला काहीतरी कळवलं असतंस, ते मला नको होतं. बँकेचा कागद मला पुरत होता.

दुसरी. दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, उपवासकाळातच, त्याचा घरी फोन आला होता. दुपारी. आवाज बसलेला होता. म्हणाला, "मम्मी, मी घरी येऊ का? थोडे दिवस." अंकलांचे भाऊ आणि भावजय दुबईहून आले होते, वरची खोली त्यांना दिली होती. अंकलांची नुकती अँजिओप्लास्टी झाली होती, डॉक्टर म्हणाले होते टेन्शन नको. मी म्हटलं, "ईस्टर होऊ दे बाबा. पाहुणे जाऊ देत, पपा शांत होऊ देत."  मग म्हणाला, "ओके मम्मी, नो वरीज." आणि ठेवला. त्याला खायला मिळतंय का, हेसुद्धा मी विचारलं नाही. किचनमध्ये माझी भाजी लागत होती.

ईस्टरनंतर मी त्या नंबरवर फोन केला तर तो नंबरच बंद. पण त्याच महिन्यात बँकेत पैसे आले, आणि मी म्हटलं, बघ, रागावलेला नाही. त्यानंतर मी त्याला शोधलं नाही. पोलिसांनी विचारलं की शेवटचं कधी बोललात, तर मला हे सांगावं लागेल. म्हणून मी फोन उचलते आणि परत ठेवते.

वेगळ्या कागदावर त्याने जाताना दिलेला पत्ता लिहिला आहे. खाली टायरचं दुकान, वर खोल्या. एकटी जाऊ नकोस, दिवसा जा, कॉलेजातल्या कोणाला तरी बरोबर घे. तिथे नसेल तर दुकानात विचार. त्यांना माहीत नसेल तर पोलीस स्टेशनला जा आणि माझं नाव, माझा नंबर दे.

तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो बारा वर्षांचा होता. आता दाढी असेल, वजन कमी-जास्त झालं असेल, म्हणून खुणा लिहिते. उंची पाच फूट दहा. उजव्या भुवईत एक जागा केस नाहीत. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. हसताना आधी खाली बघतो.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. काल मी ग्रोसरीला गेले होते. अंकल घर तापवायच्या फर्नेसचा फिल्टर बदलायला खाली उतरले, आणि कागद टेबलावरच होते. मी परत आले तेव्हा ते श्रावणीच्या खुर्चीत चष्मा लावून बसले होते. मराठी ते हळू वाचतात. शेवटचं पान हातात होतं.

मी पिशव्या घेऊन तशीच जिन्यात उभी. आता घर डोक्यावर घेतील असं वाटलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी त्या फोनचं नावसुद्धा काढलं नाही.  पानं सारखी केली, टेबलावर ठेवली, आणि विचारलं, "दाढेचं लिहिलंस का?"

"कसली दाढ?"

"खालची. डावीकडची, शेवटून दुसरी. चांदी भरलीये. ग्रेड नाइनमध्ये होता, मीच नेलं होतं. रडला नाही." मग म्हणाले, "लिही ते. डेंटिस्टकडे एक्स-रे असेल. मी आणतो."

 जेनेल, मी ज्या खुणा लिहिल्या त्या चालत्याबोलत्या माणसाच्या. तू हॉस्पिटलात शिकतेस. दाढ कोणाची बघतात, ते तुला मी सांगायला नको. अंकलांना त्याचा विचार करावा लागला नाही, लगेच आठवलं. म्हणजे हे त्यांच्या मनात आज आलेलं नाही. ते उठून जायचे तेव्हा कुठे जाऊन बसत होते आणि काय आठवत होते, हे मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी ते डेंटिस्टकडे जाऊन आले. एक्स-रेची कॉपी या पाकिटात आहे. घडी घालू नकोस. टायरच्या दुकानात ती दाखवायची नाही. ती कोणी मागितली तरच द्यायची.

कोणी मागू नये, एवढी एकच प्रार्थना सध्या या घरात चालू आहे. काल पहिल्यांदा दोघांनी मिळून केली, आणि त्याचं नाव अंकलांनी घेतलं.

काहीही कळलं तरी आधी फ्रँकलिनला नाही, मला सांग. वेळ बघू नकोस. घरात कोण पाहुणे आहेत, गॅसवर काय आहे, काही बघणार नाही. आम्ही दोघं फोनपाशी आहोत.

तुझी आत्या एडना,
आणि आल्फ्रेड, रिचर्डचे पपा