पोशेऱ्याच्या चढासाठी रेडिएटर

बिस्मिल्ला म्हणून लिहायला घेतो.

मी, अनीस जमाल कलईगर, वय एकोणपन्नास, धंदा भांड्यांना कल्हई करणे व मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणे, राहणार जव्हार, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने मराठीत लिहितो. जामसरच्या शाळेत सातवीपर्यंत मला हीच लिपी शिकवली आणि माझ्यामागे ज्यांनी हे वाचायचे आहे त्यांनाही हीच येते. पुढच्या महिन्यात मुंबईला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर मला म्हणतात काळजी नको, आणि माझी पत्नी हलीमा हिला बाहेर बोलावून बराच वेळ बोलतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे, पण त्यात गोंधळ आहे. असे लिहिले तर चालेल का, हे मी वकिलांच्या कारकुनांना विचारले. ते म्हणाले, गोंधळाचा शब्द काढा. मी तो राहू दिला आहे.

कलम १. घर व दुकान. शरियतीप्रमाणे हलीमा, मुलगा शकील व मुलगी रजिया यांचे जे हिस्से होतात ते व्हावेत. त्यात मी माझी अक्कल चालवत नाही. एवढेच सांगतो की हलीमाला ठाण्याला शकीलच्या खोलीत नेऊन ठेवू नये. तिथे तिला गुदमरते. हे तिने मला सांगितले आहे, शकीलला सांगितलेले नाही.

कलम २. हत्यारे. भाता, तिन्ही हातोड्या, कातर, सांधे जोडायला डाख लावायची कांब, कथलाची उरलेली लगड आणि नवसागराचा डबा रजियाला द्यावा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. लग्नाआधी तिने कल्हई केलेल्या पातेल्यात तोंड दिसत असे. शकीलची याला संमती आहे. त्याला काळ्या हातांचा कंटाळा आहे. तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, बाटली मात्र रजियाला देऊ नये. का, ते पाचव्या कलमात येईल. पाच वेळा लिहायला बसलो आणि पाचही वेळा त्या कलमाशी थांबलो. आज थांबणार नाही, इन्शाअल्ला.

कलम ३. मोटार. माझी १९४९ सालची काळी विलायती मोटार माझ्यामागे माघ्या बुध्या दिघा, राहणार पोशेरा, तालुका मोखाडा, याला द्यावी. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येते. मौलवीसाहेबांना मी गाडी दाखवली आणि ही तेवढ्यात बसेल ना, असे विचारले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडले, ते परत बंद होईना, आणि म्हणाले, "अनीसमियाँ, तृतीयांशाची चिंता करू नका."

ही गाडी जंगलाच्या एका ठेकेदाराची. १९६४ साली तो जव्हार सोडून गेला तेव्हा ती त्याच्या वखारीत रेडिएटर फुटून पडली होती आणि भंगारवालाही नेत नव्हता. मी तिचा तांब्या-पितळेचा रेडिएटर उतरवला, एकेक नळी साफ केली, डाख दिला, आणि गाडी चालू झाली. तेव्हा माझी छाती फार फुगली होती. चालवायला चार वर्षांनी माघ्या आला. त्याने पोशेरा, मोखाड्याची लग्ने, बाळंतिणी, साप चावलेली माणसे आणि शिरपामाळ पाहायला येणारे पाहुणे सोळा वर्षे वाहिले. चढ सुरू होण्याआधी ओढ्यावर तो गाडी थांबवी, पहिला तांब्या जमिनीला देई, मग रेडिएटरमध्ये पाणी घाली. एकदा मी विचारले की जमिनीला का. तो म्हणाला, तिचं पाणी, तिला विचारून घ्यायचं. मी नमाजी माणूस. यात मला काही वावगे वाटले नाही.

कलम ४. रेडिएटर. गाडी माघ्याला नुसती देऊन भागणार नाही. ती पोशेऱ्याचा चढ चढली पाहिजे. जुना रेडिएटर माझ्याच डाखांनी इतका भरला होता की त्यात पाण्यापेक्षा कथील जास्त. म्हणून अल्युमिनियमचा टिकाऊ रेडिएटर बसवून मगच गाडी द्यावी. कोणता, हे मला ठरवायचे होते आणि दोन महिने ठरत नाही.

मुंबईत तपासणीला गेलो तेव्हा कुर्ल्याच्या एका वेल्डरकडे दोन नमुने पाहिले. एकाचा मधला भाग अल्युमिनियमचा आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, मध्ये रबर घालून पत्र्याने दाबलेल्या. दिसायला गुळगुळीत, सांधा कुठेच दिसत नाही. दुसरा पूर्ण अल्युमिनियमचा, टाक्यांसकट वेल्डिंग केलेला. त्याचे सांधे जाड सुरवंटासारखे बाहेर दिसतात. दुकानदार म्हणाला पहिला घ्या, नवीन गाड्यांना हाच येतो. वेल्डर म्हणाला नवीन गाडी रस्त्यावर चालते, तुमची दगडावर. मग नळ्यांच्या रांगा किती, यावर दोघांचे वाजले. एक म्हणे तीन, दुसरा म्हणे दोनच, पण रुंद, म्हणजे मागच्या रांगेलाही वारा लागतो. दोघांचेही मला पटले. घरी येऊन कागदाचा नमुना कापून गाडीच्या तोंडात बसवून पाहिला. त्यावरूनही काही ठरले नाही.

जे नक्की कळले आहे तेवढे लिहितो. रेडिएटर चौकटीला थेट आवळू नये, खाली-वर जाड रबर द्यावे, कारण खड्ड्यात चौकट पिळते आणि अल्युमिनियमला पीळ सोसत नाही. झाकण जुन्याच दाबाचे ठेवावे. फुटला तर तांब्याचे ठिगळ किंवा डाख लावायला जाऊ नये. ती माझी विद्या इथे चालत नाही. आणि आतून कशानेही धुऊ नये.

कलम ५. आतून धुण्याबद्दल.

१९८३ साली मी कुर्ल्याहूनच एक वापरलेला अल्युमिनियमचा रेडिएटर आणला होता. गाडीला बसवण्याआधी, भांडे कल्हईला घेण्याआधी जसे धुतो तसा, मी तो पातळ केलेल्या तेजाबाने आतून धुतला. बाप तसे करायचा, मी तसे करत आलो. आतून फसफस झाली, पांढरा फेस आला. मला वाटले, केवढी घाण निघते आहे. म्हणून आणखी एकदा धुतला.

चार-पाच आठवडे तो टिकला. १९८४च्या जानेवारीत माघ्या फागी नावाच्या बाळंतिणीला पोशेऱ्याहून जव्हारच्या दवाखान्यात आणत होता. चढाच्या मध्यावर सगळे पाणी खाली गेले. इंजिन तापून धरले. माणसांनी फागीला घोंगडीच्या झोळीत घालून उचलले आणि मूल रस्त्यातच, झाडाखाली झाले. दोघेही जगले, ही अल्लाची मेहरबानी. पण तिच्या घरच्यांनी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या मधुच्या हॉटेलात मला जाब विचारला. तिथे वीस-पंचवीस माणसे होती. माघ्याही होता. तो सांगत होता की ओढ्यावर पाणी भरले होते. मी म्हणालो, "पाणी भरलं असतं तर गेलं कुठं? ताडी प्यायला थांबला असशील."

गाडी चालवायच्या दिवशी तो ताडीला हात लावत नसे, हे माझ्याइतके कोणालाही ठाऊक नव्हते.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि पायी पोशेऱ्याला गेला. मधुने ते वाक्य पुढे गिऱ्हाइकांना चहाबरोबर कितीतरी दिवस दिले. त्यानंतर माघ्याला कोणी जीप दिली नाही, ट्रॅक्टर दिला नाही. तो वीटभट्टीवर जाऊ लागला.

यंदा तपासणीला जाताना तो फुटका रेडिएटर मी बरोबर नेला होता. वेल्डरने टाकी कापून आत पाहिले आणि म्हणाला, "चाचा, इसको तो किसीने तेजाब पिलाया है. अंदर से चलनी हो गया." मी म्हणालो, "मालूम नहीं." ही माझी तिसरी चूक, आणि पहिलीसारखी ती अजाणता झालेली नाही.

तेव्हापासून रोज दुआ मागतो आणि काय मागावे ते कळत नाही. माफी मागायची तर ती आधी ज्याचा अपराध केला त्याच्याकडे, हे मला लहानपणी शिकवले आहे. पोशेरा काही लांब नाही. दोनदा एसटीत बसलो आणि अलीकडे उतरलो. म्हणून हे इथे लिहिले आहे. कबुली मी गेल्यावर निघेल आणि गाडी तिच्याबरोबर जाईल, असा माझा विचार होता.

कलम ६. वरील तिसरे कलम रद्द समजावे. कारण खालीलप्रमाणे.

कारकून म्हणाले की ज्याला द्यायचे त्याचे नाव, बापाचे नाव, गाव त्याच्याकडूनच बरोबर करून घ्या. म्हणून पोशेऱ्याच्या माणसांबरोबर निरोप धाडला. काल दुपारी माघ्या व त्याची बायको रुपी दुकानात आले. दोन वर्षे दहा महिन्यांनी. हलीमाने चहा दिला, तो रुपीने घेतला, त्याने घेतला नाही. मी कागद पुढे केला. त्याला वाचता येत नाही हे विसरलो होतो. मग मलाच मोठ्याने वाचावे लागले. मेल्यावर वाचायचे कलम मला त्याच्या तोंडावर वाचावे लागले.

तेजाबाचा भाग त्याने मला पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. रुपी म्हणाली, "दोन वरसं याला कोनी बैलगाडी पन हाकू दिली नाय." आणि पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसली.

माघ्याने विचारले, हा कागद कोण बघेल. मी म्हणालो, मी गेल्यावर सगळे.

"आन मी तुझ्याआधी मेलो, त?"

मी कागदाची घडी घालू लागलो. मग त्याने विचारले की कागदावर खाली कोणाची नावे येतात. कारकून तिथेच होते. त्यांनी सांगितले, दोन साक्षीदार. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, कागद कच्चा ठरतो. हा नियम आम्हा मुसलमानांनाही लागू आहे की नाही, ते मला अजून नीट कळलेले नाही. माघ्याला लगेच कळला. तो म्हणाला, "मना गाडी नको, भाई. मी साक्षीला राहतो."

मी पुष्कळ सांगितले. गाडी तुझीच आहे, सोळा वर्षे तूच चालवलीस, साक्षीदार दुसरा मिळेल. तो म्हणाला, गाडी घेतली तर लोक बोलतील, गाडीसाठी भाईनं लिवून दिलं.

त्याची एकच अट होती. वाचन दुकानात नाही, मधुच्या हॉटेलात, बाजाराच्या दिवशी, जिथे बोललो तिथेच. ती मी मान्य केली आहे. मधुला पहिला साक्षीदार केले आहे. तो आधी हसला, मग पाचवे कलम ऐकून म्हणाला की आज चहा त्याच्याकडून. मी म्हणालो, आज नको.

आता गाडी कोणाला द्यायची हे मला कळत नाही. शकील विकील. रजियाला सासरी ठेवायला जागा नाही. हे कलम इथे कोरे सोडतो. ऑपरेशनहून परतलो तर भरीन. परतलो नाही तर माझे मन ओळखणाऱ्या हलीमाने ठरवावे. रेडिएटर मात्र कोणाचीही गाडी झाली तरी बसवावा. कोणता, ते मी माघ्याला दोन्ही नमुन्यांची चित्रे काढून विचारले. त्याने जाड सांध्यांच्या चित्रावर बोट ठेवले. मी विचारले, हाच का. म्हणाला, "जठं फुटेल तठं दिसेल."

तोच घ्यावा.

वरील सर्व मजकूर मी आज भर बाजारात, मधुच्या हॉटेलात, हजर असलेल्या माणसांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला आहे. मध्ये दोनदा पाणी प्यायलो. कोणी उठून गेले नाही.

स्थळ: जव्हार
दिनांक: १८ नोव्हेंबर १९८६

लिहून देणार: अनीस जमाल कलईगर (सही)

साक्षीदार:

१. मधु विठू भोये, हॉटेलवाला, जव्हार (सही)

२. माघ्या बुध्या दिघा, पोशेरा (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार क्रमांक दोन यांच्या सांगण्यावरून, कारकुनांनी गरज नाही म्हटले असतानाही, पुढील मजकूर माझ्या हाताने लिहिला: त्या दिवशी मी ताडी प्यालो नव्हतो. ओढ्यावर पाणी भरले होते.