सीटखालचा गंज

शिरोळ,
१२ मार्च २००६

प्रिय धम्मा,

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. "शिंगरू हाय का अजून?" असं तू विचारलंस आणि मी "हाय की" म्हणून फोन ठेवून दिला. आता 'हाय' म्हणजे कशा अवस्थेत आहे ते ऐक. पुराचं पाणी आमच्या गोठ्यात अकरा दिवस होतं. उतरलं तेव्हा आपलं शिंगरू, तो छोटा ट्रॅक्टर, बॉनेटपर्यंत गाळात रुतलेला. सात महिने मी तिकडं फिरकलोच नाही. परवा बॉनेट उचललं तर आत उंदरांचा संसार, एक मेलेली घूस आणि असला वास, की दुपारची भाकरी घशाखाली उतरली नाही. टाकीतून जे निघालं त्याला डिझेल म्हणावं की गटार, देव जाणे. बायको म्हणाली, "नांदवा अजून तुमच्या लाडक्याला."

त्यात तो पिराजी भंगारवाला. एक दिवसाआड येतो, टायरला लाथ घालतो, तिथंच पानाची पिचकारी मारतो आणि मला शहाणपण शिकवतो. "जोतीराम, ह्याला आता ब्रह्मदेव बी चालू करनार न्हाय. इंजिन यगळं काढू, गिअर यगळा काढू, टायर यगळं. पार्ट पार्ट करून इकू." त्याच्या तोंडाकडं बघूनच किळस येते. पण खरं सांगतो, गेल्या आठवड्यात मी त्याला हो म्हणायच्या बेतात होतो. आणि तुझा बेत एकदम उलटा. चौदा एप्रिलला जयंतीला गावी येणार, दीप्तीला आणणार आणि तिघांनी मिळून शिंगरू चालू करायचं. पोरीचा डिप्लोमा झालाय, ती म्हणते, "पप्पा, तुमचं वायरिंग कुठं चुकलं ते मला बघायचंय." तू हे हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

आठवतंय ना, पंच्याण्णव साली तासगावच्या द्राक्षबागेतून आपण ते आणलं, निम्मं तुझं, निम्मं माझं. उसाच्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी किती टिंगल केली! आणि मग तेच लोक वांग्या-मिरचीच्या सरीत घालायला आपल्याच दारात उभे राहिले. तू जुनं वायरिंग ओढून फेकून दिलंस आणि सगळं नवं घातलंस, एकेक वायर दोऱ्यानं बांधून. लोक म्हणायचे, "धम्मानं वायरिंग न्हाय, येणी घातलीया." मी चुकीचा पाना लावला की तू आईबापावरून शिव्या द्यायचास. तुमच्या बोळात ते वळत नव्हतं, म्हणून रात्री आमच्या गोठ्यात लागायचं.

मग नव्याण्णवची दिवाळी. तू वांग्याच्या शेतात चालवत होतास आणि बुडाखालून ते पेटलं. उडी मारलीस म्हणून वाचलास, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तुझ्या हाताला मलम लावून होईपर्यंत गावानं निकाल दिला. "वायरिंग कुनी केल्तं? धम्मानं. मग झालं की." त्यातला एक तर म्हणाला, "जेचं काम तेनंच करावं." मी तिथंच उभा होतो, मुंडी खाली घालून. त्याच महिन्यात तू भोसरीला गेलास आणि शिंगरू तसंच जळकं गोठ्यात पडून राहिलं. मागं एकदा फोनवर म्हणालास, कंपनीत अजून प्रत्येक जॉइंट तीन-तीनदा तपासतोस आणि सोबतचे हसतात. त्या दिवशीही मी गप्प बसलो.

काल मी सीट खोलली. खालचा गाळ खरवडून काढला. तुझं वायरिंग जसंच्या तसं आहे रे. वरचं आवरण जळलंय, पण एक जॉइंट सुटलेला नाही. मग पेटलं कशानं? सीटखालचा पत्रा पापडासारखा झालाय. त्याचा एक तुकडा मोडून बॅटरीच्या टर्मिनलवर पडला होता, तो तिथंच चिकटलाय, काळाठिक्कर. तू बसलेला असताना पत्रा खचला आणि बॅटरीवर टेकला, एवढंच झालं होतं. पुराचा गंज नव्हे हा. जळल्याचा डाग या गंजाच्या वर आहे. तुझा काडीचा दोष नव्हता. दीप्तीला हे आधी सांग, बाकीचं मग वाच.

तू तेव्हाही विचारायचास, "एवढा गंज येतोय कशानं रे? पावसात तर नसतंय." दोनदा सीट बदलली आपण. मी म्हणायचो, म्हशींच्या गोठ्यातली ओल. खोटं होतं ते. ते गोमूत्र होतं, धम्मा. तू दिवसभर चालवून घरी गेलास, की आमची आई तांब्या घेऊन यायची आणि सीटवर शिंपडायची. मी चालवलं त्या दिवशी नाही. "धम्मा जेवला का रं?" असं आधी विचारायची, तुझ्यासाठी खर्डा-भाकरी बांधून द्यायची, तुझी सायकल वळणाआड गेली की मग तांब्या. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच फडक्यातली भाकरी तुझ्याबरोबर बांधावर बसून खायचो आणि स्वतःला मोठा सुधारलेला समजायचो. मेलेल्या घुशीचा वास बरा, असं वाटायला लागलंय आता.

पिराजीला मी हाकलून दिलंय. पार्ट पार्ट झालं असतं तर तो पत्राही त्याच्या ढिगात गेला असता आणि मी सुटलो असतो. म्हणूनच मला ते इतकं पटत होतं. आता दुरुस्त करायचं की मोडायचं, हे तू ठरव. पण पाना हातात घेण्याआधी शेवटचं ऐक, त्यासाठीच हे पत्र. तू म्हणशील, म्हातारी बाई, गेली बिचारी, जाऊ दे. मीही तिच्याच नावावर खपवणार होतो. पण अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ती घसरून पडली आणि खुबा मोडला, तुला माहीत आहे. त्यानंतर ती बाजेवरून उठली नाही. "शिंपडलंस का?" म्हणून विचारायची आणि मी हो म्हणेपर्यंत घास घ्यायची नाही. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, बाजेवरून तिला गोठा दिसत नव्हता. पण मी खरंच शिंपडायचो. आई पुढच्या वर्षी जूनमध्ये गेली. शिंगरू त्याच वर्षी दिवाळीत पेटलं. मधले पाच महिने मला विचारणारं कुणीच नव्हतं, तरी तू गेलास की मी रोज तांब्या उचलत होतो.

तुझाच, असं लिहायला हात धजत नाही,
जोतीराम