पंचवीस मिनिटांची घंटी

दि. १२, मंगळवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, बाकीची कुरकुर ती स्वतः करते. "रोज फोनवर बोलता, मग पत्र कशाला?" असं विचारून आत्ताच आत गेली.

तू सुचवलेल्या दोन्ही युक्त्या वर्कशॉपमध्ये करून पाहिल्या. भिंतीवर फळा लावला, तीन रकाने आखले: आलेलं काम, चालू काम, झालेलं काम. झकास निघालं. गिऱ्हाईक आलं की आधी फळ्याकडे बघतं आणि माझ्याशी भांडायचं विसरतं. इतकी वर्षं सगळं डोक्यात ठेवतो म्हणून मी उगाच मिरवत होतो.

पंचवीस मिनिटं सलग काम आणि मग घंटी, हे मात्र जमलं नाही. मिस्त्री एका जळालेल्या मोटरचं वाइंडिंग भरत होते. तारेचे वेढे मनात मोजायचे असतात, तुला ठाऊक आहे. लहानपणी त्या वेळी आम्ही तुला शिंकूही द्यायचो नाही. नेमकी मध्येच टिंग झाली आणि आकडा गेला. सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्री म्हणाले, "शेठ, ही घंटी तुमच्याच गळ्यात बांधा. तुम्ही येताय हे तरी आधी कळेल." मुकाट्याने बंद केली.

पण ती टिंग माझ्या ओळखीची निघाली. तुझ्या फोनमागे रोज ऐकतो. आधी टिंग, मग तू म्हणतेस, "चला बाबा, मीटिंग आहे." मोटरीला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरली की आत बेअरिंग कुठे घासतंय ते मला कळतं, माझ्यापासून टिंग काय लपणार? रागावलो नाही हं. एवढी माणसं हाताखाली, वेळ बांधून घेतल्याशिवाय तुझं चालायचं नाही. त्यातला एक तुकडा रोज मला देतेस, तेही दिसतं.

फक्त माझं बोलणं वाइंडिंगसारखं आहे. वेढे घालत घालत मुद्द्यापाशी येतो, तेवढ्यात टिंग. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आईच्या गुडघ्यापासून सुरुवात.

म्हणून पत्र. पलीकडच्या रस्त्यावरचा पंपवाला वर्कशॉप विकत घ्यायला तयार आहे. माणूस बरा आहे, मिस्त्रींना आणि बाकीच्यांना ठेवून घेणार. शनिवारी त्याला शब्द द्यायचाय. मीही थकलोय, हे आईला सांगू नकोस.

कॉलेज संपलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाबा, कुणाला देऊ नका, मी येणार." तू विसरली असशील. मी विसरलो नाही, एवढंच.

आता नाही म्हणालीस तर मी पचवीन. तिथे तुझं छान बस्तान बसलंय, मला अभिमानच आहे. पण माझं मन राखायला हो म्हणालीस, तर ते तुझ्या आवाजात मला ऐकू येईल, आणि ते मला पचायचं नाही.

फळ्यावर 'चालू काम' रकान्यात मी एक ओळ कोरी सोडलीय. मिस्त्रींनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "घरचं."

शुक्रवारी फोन कर, घंटी न लावता. बराच वेळ काही बोलली नाहीस तरी चालेल, मी धरून राहीन.

तुझा,
निदान शनिवारपर्यंत वर्कशॉपवाला,
बाबा