चहाच्या ट्रॉलीवरची बाई

इल्फर्ड,
१४ मार्च २००७

ती. नंदावन्संना सुलक्षणाचा नमस्कार.

तुमचं पत्र मागच्या महिन्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. थंडी अजून हटत नाही, गुडघाही तसाच. रविवारी प्रणव मेडनहेडहून मुलांना घेऊन येऊन गेला.

‘पुरुषोत्तमला नागपूरला आण, तिकडच्या आठवड्याच्या पैशात इथे दोन महिने दोन माणसं ठेवू,’ असं तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. दोन वर्षांत या केअर होमने आमची सगळी बचत खाल्ली. आता कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, पैसे भरतं, पण त्यांच्या दरापर्यंतच. वरचे आठवड्याला सत्तर पौंड आपण द्यायचे, नाहीतर यांना स्वस्तातल्या होममध्ये हलवणार. कौन्सिलच्या बाईंना मी म्हटलं, "या विसरण्याच्या आजारात त्यांचं इंग्लिश गेलंय हो. या होममधली नीना हिंदी बोलते, म्हणून चार घास पोटात जातात." त्या म्हणाल्या, "आय अंडरस्टँड, पण फंडिंग तेवढंच आहे."

मुलगा म्हणून निम्मे प्रणव देतो. घराचे हप्ते, दोन मुलं, त्याला आणखी काय सांगू?

मी होममध्ये ‘मदतीला जाते’ असं तुम्हाला फोनवर म्हणाले होते. ती नोकरी आहे, वन्सं, उरलेले निम्मे त्यातूनच निघतात. आठवड्यातल्या तीन सकाळी चहाची ट्रॉली फिरवते, कप धुते, टेबलं पुसते. एकोणसत्तराव्या वर्षी, इंजिनियरची बायको. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

पहिल्या दिवशी ट्रॉली यांच्या खुर्चीपाशी नेली. हे ओळखतील आणि सगळ्यांसमोर ओरडतील असं वाटलं. यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. घरी शेवटी शेवटी ताट भिंतीवर जायचं, ते माहीत नाही.

यांनी कप घेतला. एक घोट घेऊन म्हणाले, "छान झालाय चहा. थँक यू, बाई. तुम्ही कुठल्या?"

"अमरावतीची."

"आमची हीसुद्धा तिकडचीच. पण तिला नाही जमत असा."

बेचाळीस वर्षांत यांनी मला थँक यू म्हटल्याचं आठवत नाही. ट्रॉली घेऊन मी किचनमध्ये गेले. रडू येईल म्हणून दार लोटून घेतलं, तर आलंच नाही. बरं वाटलं. ते बरं वाटणंच मला इतके दिवस लिहवत नव्हतं.

विमानात नऊ तास यांना कोण बसवून ठेवणार, असं मी प्रणवला सांगते. ते निमित्त आहे. नागपूरला आले की मी पुन्हा बायको होईन. आता ते अंगात नाही राहिलं, वन्सं. इथे तीन सकाळी ते माझ्याशी नीट बोलतात. तेवढ्यासाठी कप धुवायला माझी ना नाही.

मे महिन्यात तुम्ही यायचं म्हणताय, जरूर या. मागची खोली आवरून ठेवते. थोरल्या बहिणीला ते कदाचित ओळखतीलही. फक्त एक ऐका माझं. त्यांच्यासमोर मला नावाने हाक मारू नका.

निदान तुमची तरी भावजय,
सुलक्षणा